म्हाळूअण्णांचा हात

म्हाळूअण्णांनी पहिल्या भेटीत माझ्या गाडीचं बॉनेट उघडलंच नाही, याचा मला चांगलाच राग आला होता.

मी बार्शीच्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि राहते सोलापुरात. आठवड्यातले चार दिवस जाऊन-येऊन करते. वडील गेल्यावर त्यांची जुनी पांढरी गाडी माझ्याकडे आली. विकवत नव्हती म्हणून चालवायला लागले. ती एका उन्हाळ्यात तापायला लागली, तेव्हा कॉलेजातल्या शिपायानं म्हाळूअण्णांचं नाव सांगितलं. अक्कलकोट रोडला यंत्रमागांच्या शेडांमागे एका लिंबाखाली त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. साठीला टेकलेला, उंच, काळासावळा माणूस. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. हात मागे बांधून ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि प्रश्न विचारायला लागले. जाताना तापते की येताना? उन्हाच्या बाजूला उभी करता का? तुमचे वडील तिसऱ्या गिअरवर किती वेळ चालवायचे? अर्ध्या तासानं मी वैतागून विचारलं, की तुम्ही गाडी बघणार आहात की नाही.

"बगतोयच की म्याडम," ते म्हणाले.

त्यांची बघायची रीतच ती होती. अण्णा मूळचे सांगोल्याकडच्या माळावरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी दुष्काळात मेंढरं गेली आणि ते सोलापुरात आले. पण त्यांच्या बोलण्यातून मेंढरं कधी गेली नाहीत. आजारी मेंढरू कोणतं ते मेंढराकडं बघून कळत नाही, ते सांगायचे. सगळी पाण्यावर गेल्यावर मागं कोण राहतंय ते बघायचं. गाडीचंही तसंच. म्हणून त्यांच्या गॅरेजात आधी माणसाची चौकशी व्हायची, मग मशीनची.

एका वकिलांची गाडी क्लच जळल्याचा वास मारायची, पण रोज नाही. दोन ठिकाणी क्लच बदलून झाला होता. अण्णा आठवडाभर रोज संध्याकाळी कोर्टाच्या बाहेर जाऊन वकिलांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून त्यांच्या घरापर्यंत गेले आणि चालत परत आले. आठव्या दिवशी त्यांनी निदान सांगितलं, की साहेब, केस हरली की घरी जाताना तुमचा डावा पाय क्लचवरनं उठतच नाही. वकील दोन दिवस बोलले नाहीत. नंतर स्वतःच ही गोष्ट लोकांना सांगत सुटले.

गॅरेजात ते एकटेच असत. गल्लीत दिवसभर मागांची खटाखट चालायची, तिच्यात कानाला काही कळत नसे. म्हणून आवाजाच्या तक्रारी असलेल्या गाड्या ते मागांच्या सुट्टीच्या दिवशी बोलवत. बाकी सगळं काम हातानं. इंजिनाच्या खाली, जिथं डोळा पोचत नाही तिथं हात घालून ते डोळे मिटून घ्यायचे आणि बोटांनी चाचपत, जणू अंधारात कुणाचा चेहरा ओळखावा तसा तो नट ओळखायचे. नट किती आवळला हे मोजायचा काट्याचा पाना त्यांच्याकडे होता. खोक्यातून बाहेर आलेला मी कधी पाहिला नाही. एकदा विचारलं तर मनगट दाखवत म्हणाले, "काटा हितं हाय."

हे ऐकताना मला फार बरं वाटलं होतं. आपल्या गाडीची काळजी कुणी अशी अंगावर घेतलेली कुणाला आवडणार नाही?

त्यांचा राग मी एकदाच पाहिला. एक ठेकेदार तुळजापूरला लग्नाला निघाले होते, घरची माणसं गाडीत बसलेली. वाटेत सहज दाखवायला थांबले. अण्णांनी पुढच्या चाकामागचा ब्रेकचा रबरी पाइप बघितला, तो फुगलेला होता. गाडी न्यायची नाही म्हणाले. ठेकेदार म्हणाले, मुहूर्त आहे, आल्यावर बघू. अण्णांनी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा काही न बोलता आत गेले, ब्लेड घेऊन आले, खाली वाकले आणि तो पाइप कापून टाकला. ब्रेक ऑइल मातीत सांडलं. ठेकेदारांनी त्यांची कॉलर धरली. मी तिथं बाकावर बसले होते. अण्णा कॉलर सोडवायचा प्रयत्नही न करता उभे राहिले. "आता न्या की," एवढंच म्हणाले. शेवटी ती मंडळी रिक्षानं बसस्टँडला गेली.

त्या दिवशी मला वाटलं, की ह्या माणसाच्या हाताखालून गेलेल्या गाडीला काही होणं शक्य नाही.

गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधी, मी बार्शीहून आईला घेऊन येत होते. आई मावशीकडे राहायला गेली होती. वैरागच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या कच्च्या रस्त्यानं वळवल्या होत्या. खड्ड्यांतून गाडी हेलकावे खात बाहेर आली, डांबरी लागली, मी वेग घेतला. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. तो एकाएकी सावकाश झाला. मी ब्रेक दाबला आणि माझा पाय पेडलसकट थेट खाली गेला. गाडी तशीच पुढे. मी पुन्हा पाय मारला, आणि त्या दुसऱ्या दाबाला ब्रेक लागला. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीतल्या उसाचे शेंडे बॉनेटवर टेकले होते. मांडीवरची पिशवी आईनं दोन्ही हातांनी धरली होती, ती घरी पोचेपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांकडे गेले. त्यांनी ऑइल पाहिलं, भरलेलं होतं. कुठे गळती नव्हती. चारही चाकं उचलून हलवून पाहिली. मग सीटवर बसले, पेडलवर पाय ठेवला आणि तसाच दाबून धरून बराच वेळ बसून राहिले. आतलं रबर झिजलं असेल तर अशा दाबाखाली पेडल हळूहळू खाली जातं, त्यांनी मला समजावलं. पेडल जात नाही, म्हणजे मास्टर सिलिंडर चांगला आहे. मागच्या चाकांचे ड्रम खोलून त्यांनी आतले ब्रेक-शू थोडे बाहेर घेतले आणि गाडी दिली. चार दिवस ब्रेक अगदी घट्ट होता. पाचव्या दिवशी, त्याच कच्च्या रस्त्यानंतर, पुन्हा तेच.

पुण्याहून माझा भाऊ फोनवर ओरडला, की झाडाखालच्या मिस्त्रीला सोड. मी घाबरले होते. गाडी मोठ्या वर्कशॉपात नेली. तिथल्या माणसांनी मास्टर सिलिंडर बदलला, ऑइल बदललं, ब्रेकच्या पाइपातली हवा काढली. आठवडा बरा गेला. मग एका सकाळी जुळे सोलापुरात चौकातून वळले. पुढे कडेवर मूल घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. पेडल खाली गेलं. हॉर्नवर हात, दुसऱ्यांदा पाय. बाई मागे उडी मारून वाचली. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी काचेतून तिच्याकडे.

तिथून मी चालत अण्णांकडे गेले. गाडी आणायची हिंमत नव्हती. दुसरीकडे गेल्याचं सांगायची लाज वाटत होती, पण सांगितलं. ते रागावले नाहीत. उलट बरं झालं म्हणाले, मास्टर सिलिंडरचा संशय फिटला. मग बाकावर माझ्या शेजारी बसून त्यांनी प्रत्येक वेळेची हकीकत पुन्हा काढून घेतली. आधी रस्ता कसा होता, वळण होतं का, किती वेळ ब्रेक लावला नव्हता. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की सरळ गुळगुळीत रस्त्यावर हे कधीच झालं नव्हतं. खड्डे किंवा वळण संपलं, की पहिला दाब खाली. दुसरा नेहमी बरोबर.

अण्णा बाकावरून खाली उकिडवे बसले. मग मातीत काडीनं एक गोल काढला. चाकाबरोबर ही डिस्क फिरते, तिच्या दोन्ही अंगाला पॅड. ब्रेक सोडला की पॅड केसभर मागं सरतो, तेवढंच सरायला पाहिजे.

"पण डिस्कच डुलत आसंल," ते म्हणाले, "तर ती पॅडला ढकलत लांब नेती. मग पयला दाब नुसता ती जागा भरण्यात जातुय. ब्रेक लागतुय दुसऱ्याला."

चौकातून गाडी त्यांनीच हळूहळू आणली. एका मोकळ्या मैदानावर त्यांनी मला गोल गोल चालवायला लावलं, स्वतः मागे बसले. दहा फेऱ्या मारून ब्रेक दाबला, पेडल खाली. सरळ चालवून दाबला, घट्ट. पुन्हा गोल, पुन्हा खाली. मला भीतीऐवजी आनंद झाला. आजार सापडला होता. अण्णांचा चेहराही उजळला होता. पुढचं चाक, बेअरिंग ढिलं, दुसरं काही असणार नाही, ते म्हणाले.

गॅरेजात जॅकवर त्यांनी पुढचं डावं चाक उचललं. मागांची खटाखट जोरात चालू होती. एक हात चाकाच्या माथ्यावर, एक खाली, डोळे मिटून त्यांनी चाक हलवलं. उजवं उचललं, हलवलं. पुन्हा डाव्यावर आले. मी वाट बघत होते. डोळे उघडून ते म्हणाले, की दोन्ही चाकं गच्च बसलेली आहेत, कुठं ढिलेपणा लागत नाही. त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच गोंधळ ऐकू आला. सगळं गणित बरोबर येऊन उत्तर चुकावं तसा.

मग ते स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिले. टॉवेलनं हात पुसले, पुन्हा बघितले.

"म्याडम, जरा हात लावता का?"

मी पदर खोचून खाली बसले. त्यांनी दाखवल्याप्रमाणे चाक वर-खाली धरलं आणि ढकललं. दोन्ही तळव्यांना स्पष्ट धक्का बसला, टक्. गाडीतलं मला काही म्हणता काही कळत नाही. पण दाराची कडी सैल असली की कुणालाही कळतं, इतकं ते उघड होतं. मी त्यांना तसं सांगितलं. ते माझ्या शेजारी येऊन बसले, माझ्या हातांजवळच आपले दोन्ही हात टेकवले आणि मला पुन्हा हलवायला सांगितलं. मी हलवलं. टक्. पुन्हा हलवलं. टक्. मी चाकाकडे बघायचं सोडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला लागले. धक्का बसत होता आणि तो चेहरा वाट बघत होता.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला?"

"न्हाय."

मी हात काढून घेतले. एखादा माणूस डोळ्यांदेखत आंधळा व्हावा तसं मला झालं. वास्तविक ते आत्ता झालेलं नव्हतं. कधीपासून होतं, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. तसेच मातीत बसून ते थोड्या वेळानं म्हणाले, की त्या दिवशी पेडल दाबून धरलं तेव्हाही पाय माझाच होता, तो मला काय सांगत होता कुणास ठाऊक.

रस्त्यापलीकडे सलीमभाईंचं गॅरेज होतं. दोघांचं धंद्यातलं वैर सगळ्या गल्लीला माहीत होतं. अण्णा उठून स्वतः त्यांना बोलवायला गेले. सलीमभाईंनी चाक काढलं. चाकाच्या मधोमधचा, हबचा मोठा नट, जो लांब दांडा लावून अंगाचा भार टाकल्याशिवाय सुटायला नको, तो सहज फिरला. सलीमभाई भडकले. हे कुणी बसवलं, कुण्या गाढवानं, असं ते त्यांच्या बोलीत म्हणाले.

"मी," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मजाक नक्को करो."

पण ती थट्टा नव्हती. आठ महिन्यांपूर्वी बेअरिंग बदलून तो नट अण्णांनीच आवळला होता, मनगटाच्या काट्यावर. मी त्याच बाकावर बसून चहा पीत होते. त्यानंतर त्या चाकावर मी आईला बसवून शेकडो मैल हिंडले होते. मला अण्णांचा राग यायला हवा होता, आणि तो यायच्या आतच अण्णा उठून गॅरेजचं दार ओढून घेत होते. मला वाटलं, लाजेनं घरी निघाले. ते कुलूप लावून परत आले आणि सलीमभाईंना विचारलं, की माझ्याबरोबर चार दिवस येशील का.

अण्णांनी कधी वहीत काही लिहिलं नव्हतं, पण कुणाच्या गाडीचं कुठलं चाक कधी खोललं हे त्यांना तोंडपाठ होतं. माझी गाडी सलीमभाईंनी नीट केली, काट्याचा पाना लावून. दिवाळीची सुट्टी लागली होती, मीच दोघांना घेऊन फिरले. प्रत्येक दारात अण्णा उभे राहून एकच वाक्य बोलत: "तुमच्या चाकाचं काम मी केलंय, त्याचा मला भरवसा न्हाय. ह्यास्नी बगू द्या." लोक हसायचे, चहा विचारायचे. वकीलसाहेबांना तर ही अण्णांची नवी तऱ्हा वाटली. तो ठेकेदार मात्र हसला नाही. त्याच्याही गाडीचं काम नंतर अण्णांनीच केलेलं होतं. पाइप कापताना तुम्ही काय रुबाब केला होता, असं तो घरच्या सगळ्या माणसांसमोर पाच मिनिटं बोलत होता. अण्णांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि मग गाडीची किल्ली मागितली.

बहुतेक गाड्या ठीक निघाल्या. मला वाटायला लागलं, की माझ्याच नशिबी तेवढं आलं असावं. शेवटचा दिवस मोहोळचा होता. तिथं सुनंदाबाई नावाची एक विधवा बाई शाळेची व्हॅन चालवायची. सुट्टीमुळे व्हॅन दारात उभी होती. आत सीटवर कुणाची तरी रंगीत पाण्याची बाटली राहिलेली. सलीमभाईंनी चाक उचललं, हात लावला आणि मागे वळून अण्णांकडे बघितलं. मला लांबूनही चाक डुलताना दिसत होतं.

सुनंदाबाईला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती व्हॅनच्या दाराला धरून उभी राहिली.

"अण्णा, पोरं असत्यात ह्यात," ती म्हणाली.

अण्णा तिथंच तिच्या उंबऱ्याशी खाली बसले. सलीमभाईंनी नट आवळला, दुसऱ्या बाजूचाही आवळला, पुन्हा पुन्हा तपासला. परतताना सोलापूर आल्यावर मी विचारलं, की हाताचं तुम्हाला काहीच जाणवलं नव्हतं का.

हात झोपल्यासारखे वाटायचे, अण्णा म्हणाले. वय झालं असेल, रॉकेलनं हात धुऊन झालं असेल, असं वाटायचं. मग मांडीवरच्या हाताकडे बघत म्हणाले, "सगळ्यांवर संशय घिऊन बगितला म्याडम. ह्याच्यावर कवा घ्यायचं सुचलं न्हाय."

डॉक्टरांनी साखर सांगितली, पुष्कळ वर्षांची, कधी न तपासलेली. पायांची जाणीव आधी गेली असणार, मग बोटांची. गेलेली परत येईल असं त्यांनी सांगितलं नाही. सलीमभाईंनी त्यांना नुसतं येऊन बसायला सांगितलं, तुम्ही बोला, हात मी लावतो म्हणाले. अण्णांनी त्यांना आपली सगळी हत्यारं देऊन टाकली, खोक्यातल्या पान्यासकट, आणि बायकोला घेऊन गावी गेले.

यंदा उन्हाळ्यात पेपर तपासायच्या कामानं सांगोल्याला गेले होते. काम लवकर संपलं, म्हणून विचारत विचारत त्यांच्या गावी पोचले. माळावर दोन खोल्यांचं घर, दारात पाच-सहा शेळ्या. अण्णा नुकतेच त्यांना चारून आले होते. वाळले होते, पण मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. आईची चौकशी केली, सुनंदाबाईंची केली. उन्हं उतरली होती. त्यांची बायको हौसाबाई तांब्याभर पाणी घेऊन आली, मला दिलं आणि खाली बसून अण्णांचा उजवा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. डॉक्टरांनी रोज बघायला सांगितलंय, ती मला म्हणाली. चष्मा लावून ती तळव्यावरून बोटं फिरवायला लागली, तांदूळ निवडावेत तशी.

अण्णा मला शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची गोष्ट सांगत होते. तो चढालाच का बंद पडतो, उताराला का नाही, हे त्यांनी बांधावर बसून चार दिवसांत ओळखलं होतं आणि आता फोनवर सलीमभाईंना सांगायचं होतं. हौसाबाईची बोटं एका जागी थांबली. तिनं पदराची पिन काढली, तळव्याचं कातडं जरा बाजूला केलं, आणि नखांच्या चिमटीत धरून बाभळीचा एक अख्खा काटा ओढून बाहेर काढला. बोटाच्या पेराएवढा लांब. मागोमाग रक्त आलं.

टाकी रिकामी होत आली की चढाला डिझेल मागं जातं, अण्णा सांगत होते. त्यांचं वाक्य मध्ये तुटलं नाही. मीच माझा पाय आखडून घेतला.